पायाचं गणित

"माझा पाय गेला," एवढं वाचून काकासाहेब मास्तर थांबले.

खाटेवरचे रखमाजी कोपरावर उठले. "कोणाचा पाय? धर्मराजचा?"

दुर्गाबाई उंबऱ्याशी कापसातला कचरा निवडत होत्या. त्यांचे हात जागीच राहिले. औरंगाबादेला कॉलेजात घातलेल्या पोराचं पत्र चार महिन्यांनी आलं होतं. सकाळी परतूरहून आलेल्या एका माणसानं ते हातात दिलं आणि पाणीही न पिता तो निघून गेला होता. इकडे हकीम बजावून गेले होते, रखमाजींच्या दिलाला धक्का बिलकुल सोसायचा नाही.

मास्तरांनी चष्मा पुसला. मग हसले.

"पाटील, हा अंगाचा पाय न्हाई. ग्रीक लोकांच्या मुळाक्षरांत एक अक्षर हाय, त्याचं नाव पाय."

"अक्षराला पाय म्हणतेत?"

"म्हणतेत. दुर्गाबाई, परात अन् दोरा आणा बरं."

मास्तरांनी परातीच्या काठाभोवती दोरा फिरवून तोडला. मग तोच दोरा परातीवर आडवा मोजला. तीनदा बसला आणि वर थोडा उरला.

"कोणतंबी गोल घ्या, तीनदा अन् वर थोडं. ह्यालाच पाय म्हणायचं. ह्या वरच्या थोड्याचा हिशेब आजवर कोणाला पुरा लागला न्हाई. पोराचं तेच गणित चुकलं. पाय गेला म्हणजे पेपर गेला."

रखमाजींना हसता हसता ठसका लागला. "नापास झाला व्हय! होऊ द्या की. पुढच्या साली व्हईल पास. मला तर वाटलं..." त्यांनी स्वतः दोरा घेऊन परात पुन्हा मोजली. बराबर आली. कितीतरी दिवसांनी त्यांना दुपारची गाढ झोप लागली.

मास्तरांनी पत्र घडी करून स्वतःच्याच खिशात घातलं आणि उठले. दुर्गाबाई त्यांना पोचवायला फाटकापर्यंत आल्या. वळून एकदा खाटेकडे बघितलं. पदर सारखा केला.

"मास्तर, कॉलेज तर त्यानं श्रावणातच सोडलं. निजामाशी लढायला सरहद्दीवरच्या क्याम्पात गेल्ता. ह्यांना ठाऊक न्हाई." त्यांचा आवाज जराही हलला नाही. "आता मला सांगा, डावा गेला का उजवा?"