तळ्यावरची चौथी

शेवटच्या तासाला प्रकल्पातलं, संगणकाच्या पडद्यावरचं तळं एकदाचं निवळलं, मासे पुन्हा पोहू लागले आणि वर्गात टाळ्या पडल्या. मग साळवी बाईंनी वर्षभराचं गुपित फोडायला घेतलं. प्रत्येक गटात वर्गातली तिघं आणि चौथा दुरून पडद्यावरच जोडलेला; काही गटांतला हा चौथा भिडू माणूस नव्हता, यंत्र होतं. कोणत्या गटांतला, ते आज कळणार होतं.

नचिकेतला त्यात नवल नव्हतं. त्याच्या गटानं केव्हाच ओळखलं होतं. दूरच्या कुठल्याशा शाळेतून जोडलेली सुगंधा कधी चिडायचीच नाही. खात्री करायला म्हणून त्यानं तिचा पाण्याच्या नोंदींचा तक्ता दोनदा पुसून टाकला. तिनं तो निमूटपणे पुन्हा भरला. "माणूस असती तर भांडली असती," तो म्हणाला आणि बाकीच्या दोघांना ते पटलं. त्यानंतर तिच्याशी कामापलीकडे कोणी बोललं नाही. मासे तळातल्या गाळामुळे मरताहेत, हे तिचंच म्हणणं खरं ठरलं, तेव्हाही कोणी तिला शाबास म्हटलं नाही. यंत्राला कसली शाबासकी?

"आणि नचिकेत, तुमच्या गटात यंत्र नव्हतंच," बाई म्हणाल्या. "चौघांनी मिळून केलंत, म्हणून तुमचं जास्त कौतुक."

पुन्हा टाळ्या पडल्या. नचिकेत मात्र गटाचे जुने निरोप मागे मागे सरकवत गेला. मध्येच एकदा, काम चालू असताना, सुगंधानं लिहिलं होतं, "आज माझा वाढदिवस आहे."

"वा, हेपण शिकवलंय का तुला?" असं त्यानं उलट लिहिलं होतं.

त्यावर तिच्याकडून आला होता तो फक्त गाळाच्या पुढच्या नमुन्याचा आकडा, नेहमीसारखा बरोबर.