मांडवातली गाडी

गाडी दिसत होती, पण हाती लागत नव्हती.

सॉल्ट लेकमधल्या त्या ब्लॉकच्या मैदानात दुर्गापूजेच्या मांडवाचे बांबू उभे राहिले होते आणि त्यांच्या बरोबर मध्ये, पिंजऱ्यात वाघ ठेवावा तशी, सबनीसांची पांढरी गाडी उभी होती. गाडी कसली, फिरतं घरच ते. आत दोन बिछाने, शेगडी, छोटं बेसिन, छताला पंखा. खांद्यावर पिशवी आणि हातात दशम्यांचा डबा घेऊन लीनाबाई सबनीसांनी बांबूंभोवती एक फेरी मारली. मग उलट्या दिशेने दुसरी मारली. न जाणो, पहिल्या फेरीत वाट नजरेतून सुटली असेल.

"परवा तर इथे नुसता ढीग पडला होता," त्या म्हणाल्या. "हे उभे कधी केले?"

"केले असतील मध्येच," त्यांचे यजमान जयप्रकाशराव म्हणाले. "माझं लक्ष नव्हतं."

जयप्रकाशराव रोज सकाळी मैदानात येऊन त्या गाडीच्या टायरची हवा तपासत. बॅटरीची वायर काढून ठेवत, पंधरवड्याने लावून इंजिन गुरगुरवत, पुन्हा काढत. उंदीर शिरू नयेत म्हणून सायलेन्सरच्या तोंडात बोळा, कपाटांत डांबराच्या गोळ्या, पाण्याची टाकी कोरडी, चाकांना लाकडी पाचर, आणि सगळ्यावर शिंप्याकडून मापाने शिवून घेतलेली खोळ. बँकेच्या नोकरीत त्यांनी स्ट्राँगरूमसुद्धा इतक्या मायेने सांभाळली नव्हती. या सगळ्या गडबडीत एकच गोष्ट राहून गेली होती, ती म्हणजे गाडी कुठेतरी नेणं. आधी ऊन होतं, मग पाऊस होता, मग निवडणूक होती. शेवटी लीनाबाईंनी स्वतःच दिवस ठरवला. आजचा. पुरीचा समुद्र.

पूजा समितीचे निताईबाबू मातीच्या कुल्हडात चहा घेऊन आले. मैदानात गाडीसाठी जागा त्यांनीच दिली होती.

"निताईबाबू, गाडी निकालनी है," लीनाबाई म्हणाल्या. "आज ही."

"निकलेगा, बौदी. ज़रूर निकलेगा," निताईबाबू म्हणाले. "काली पूजा के बाद."

लीनाबाईंचा हिशेब गणपतीचा होता. मांडव आठवडाभर आधी पडतो, देव बसतो, देव जातो, मांडव सुटतो. दुर्गा तर पाचच दिवसांची. आणि तिला अजून बराच अवकाश होता.

"पूजा को तो अभी टाइम है ना?"

"दुर्गा ठाकुर को टाइम है, बौदी. बाँस को नहीं है." निताईबाबूंनी चहाचा घोट घेतला. "पहले दुर्गा, फिर लक्ष्मी, फिर दिवाली में काली. पंडाल एक ही. बीच में खोलेगा तो कारीगर हमको खोल देगा. इसी वास्ते हम दादा को दो बार बोला, बाँस लगने से पहले गाड़ी हटा लीजिए. दादा बोला, रहने दो, अंदर में और सेफ रहेगा."

त्यांनी हे अगदी कौतुकानं सांगितलं. मग रिकामं कुल्हड टोपलीत टाकून ते कारीगरांवर ओरडायला निघून गेले.

जयप्रकाशराव वाकून बांबूंमधून पाहत होते. "मागच्या डाव्या टायरमध्ये हवा जरा कमी वाटते, नाही?"

"अहो."

"हं."

"तुम्हाला जायचंच नव्हतं का?"

"तसं नाही गं." ते सरळ झाले. "हायवेला ट्रक असतात. कोण कसा चालवतो, काय सांगावं. एक ओरखडा आला की आला. मग ती नवी राहत नाही."

"मग घेतली कशाला?"

"जायलाच," जयप्रकाशराव म्हणाले. आणि ते अगदी खरं बोलत होते, हेच लीनाबाईंना सहन होईना.

त्यांनी डबा या हातातून त्या हातात घेतला. पुन्हा या हातात घेतला. मग रस्त्याकडे वळून हात केला. बॅटरीवर चालणारी एक टोटो रिक्षा वळसा घेऊन समोर थांबली.

"कुठे निघालीस?"

"करुणामयीच्या स्टँडवर. तिथून दिघ्याची बस मिळते."

"दिघा? आपलं तर पुरी ठरलं होतं."

"समुद्र तोच आहे." त्या टोटोत बसल्या. "येताय?"

"अगं, येतो ना. न येऊन काय करू? एक मिनिट थांब फक्त. बांबू तासताहेत, सगळा भुसा खोळीवर पडतोय. तेवढी नीट करतो."

आणि जयप्रकाशराव अंग चोरून दोन बांबूंच्या फटीतून आत शिरले. एका सडपातळ पेन्शनरापुरती वाट होती तिथे.

लीनाबाई सीटवर पलीकडे सरकल्या. डबा मांडीवर घेतला, मग खाली पायांशी ठेवला. मागून खोळ काढून झटकल्याचा आवाज आला. मग दाराचं हँडल ओढून पाहिल्याचा. मग दुसऱ्या बाजूच्या दाराचं. टोटोवाल्याने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. लीनाबाईंनी थांबायची खूण केली. मागच्या दाराचं हँडल वाजलं. आणि मग पहिल्या दाराचं पुन्हा वाजलं.

"चलो," लीनाबाई म्हणाल्या.

टोटो निघाली. रस्ता मोकळा होता, तरी ती आपल्या नेहमीच्याच चालीनं, मैदानाच्या कडेकडेनं चालली होती. साठी उलटलेल्या माणसानंही मनात आणलं असतं, तर चार ढांगांत गाठता आली असती.