पाचव्या भूमिकेचा कौल

“‘रूपापलीकडे या नटीपाशी फारसे काही नव्हते.’ ऐकलंस? फारसे काही नव्हते!” गोदाने फोन सोफ्यावर उपडा टाकला.

“अक्का, माझ्यावरचा तो लेख सकाळपासून तिसऱ्यांदा वाचते आहेस,” कुमुदिनी आरशातूनच म्हणाली. ती काजळ घालत होती. वेंकट यायला थोडाच अवकाश होता, आणि दिग्दर्शक असो की दूधवाला, काजळावाचून ती कोणासमोर जात नसे.

“वाचणारच. हातून गेलेल्या चारही भूमिका मेल्याने बरोबर मोजल्या आहेत. त्या आधी तुलाच विचारल्या होत्या, हेही लिहिलंय. मग का गेल्या, हे विचारायला याच्या घरी फोन नव्हता?”

“विचारलं असतं तर काय सांगणार होतीस? देवी नको म्हणाली म्हणून?”

खरे तेच होते.

तंजावरहून मद्रासेत आलेल्या त्यांच्या घराण्यात महत्त्वाचा निर्णय फुलांच्या कौलाने होई. एक पांढरी कण्हेर आणि एक तांबडी, सारख्याच कागदांत बांधून देवीपुढे ठेवायची. ज्याचा प्रश्न त्याने एकट्याने आत जायचे, दार लोटून घ्यायचे, एक पुडी उचलायची आणि तीत निघालेले फूल घेऊन बाहेर यायचे. पांढरे म्हणजे होकार, तांबडे म्हणजे नकार. दुसरी पुडी न उघडता तुळशीच्या मुळाशी पुरायची. आईच्या मागे पुड्या बांधण्याचे काम थोरल्या गोदाकडे आले होते.

टिकल्यांचे झगे घालून नाचायच्या आणि नायकाच्या खांद्यावर मान टाकायच्या सव्वीस भूमिका कुमुदिनीने केल्या. त्यांतल्या एकीलाही देवीने नाही म्हटले नाही. तुरुंगातली बाई, मिठागरातली मजूर, मूल गमावलेली परिचारिका आणि बोटे झडलेली वीणावादक, या चारच भूमिकांना तांबडे फूल निघाले. चारही कीर्तना नावाच्या दुसऱ्या नटीकडे गेल्या. कीर्तनाच्या दिवाणखान्यात आज पारितोषिकांना जागा पुरत नाही, आणि कुमुदिनीचे चित्र टी. नगरातल्या साड्यांच्या दुकानावर उन्हाने फिके पडते आहे.

हा न्याय म्हणायचा? आवडी या उपनगरातल्या कारखान्यातली टंकलेखिकेची नोकरी सोडून गोदा बहिणीमागे सेटवर उभी राहिली, ती काय झगे सांभाळायला? चार वेळा कौल हाती घेऊन कुमुदिनी तिच्या गळ्यात पडून रडली होती. माणसाने अन्याय केला तर वरच्या कोर्टात जाता येते. देवीने केला तर दाद कोणाकडे मागायची? या प्रश्नावर गोदा महिनाभर स्वतःशी भांडली होती, आणि शेवटी त्याचा निकाल तिनेच दिला होता.

आज सकाळी कोपऱ्यावरच्या फूलवालीकडून तिने दोन कण्हेरी घेतल्या. दोन्ही पांढऱ्या. तांबडे फूल तिने घरात आणलेच नाही. देवीच्या गळ्यातसुद्धा मोगरा घातला. पुड्या बांधताना तिचे मन कचरले नाही. ही फसवणूक नव्हे, तिने स्वतःला बजावले. चार वेळा चुकलेल्या देवीला पाचव्यांदा चुकू न देणे, एवढेच हे आहे.

वेंकट आला. तंजावरकडचा, त्यांच्यातलाच, घरात शिरताच तमिळ बाहेर ठेवून मराठी बोलू लागणारा.

“गोदाक्का, कॉफी देताय की आधी भांडताय?”

“कॉफी देते. भांडण त्या लिहिणाऱ्यासाठी राखून ठेवलंय.”

त्याने भूमिका पुन्हा एकदा सांगितली. साठीची शाळामास्तरीण, एकेक शब्द विसरत जाते आणि शेवटी वर्गासमोर नुसती उभी राहते. साडी सुती, चेहऱ्याला रंग नाही, शेवटची नऊ मिनिटे कॅमेरा तिच्या तोंडावरून हलत नाही.

“रंग अजिबातच नाही?” कुमुदिनीने विचारले.

“काजळसुद्धा नाही. दोन वर्षं तुमच्यासाठी थांबलो, मॅडम. आज नाही म्हणालात तर संध्याकाळी कीर्तनामॅडमकडे जावं लागेल. निर्माता आता ऐकत नाही.”

कुमुदिनीचे डोळे भरून आले. “अशा भूमिकेसाठी जन्म वाट पाहिली रे. पण आमच्या घरची रीत तुला ठाऊक आहे.”

“ठाऊक आहे. माझं लग्न आमच्या आईने फुलं बांधूनच ठरवलं. बायकोशी भांडलो की ती म्हणते, ‘डायरेक्टर सार, तक्रार देवीकडे.’”

कुमुदिनी हसली, डोळे टिपले, खोलीत जाऊन पदर नीट करून आली आणि देवघरात गेली. दार लोटले गेले.

गोदा वेंकटकडे वळली. “तारखा काढ.”

“अय्यो अक्का, कौल तर येऊ द्या.”

“आला समज. चित्रण कुठे?”

“कुंभकोणजवळ, एका जुन्या शाळेत. पुढच्या महिन्यात चाळीस दिवस.”

“मी बरोबर येणार. आणि तो लेख लिहिणारा आहे ना, पहिल्या खेळाला त्याला माझ्या शेजारी बसव. ती नऊ मिनिटं मला पडद्याकडे बघायचं नाही, त्याच्या तोंडाकडे बघायचंय.”

वेंकट हसत हसत वहीत तारखा लिहू लागला. गोदा पडवीतल्या झोपाळ्यावर टेकली. कित्येक वर्षांनी तिची पाठ सैल झाली. आत घंटा वाजली. कुमुदिनीने नमस्कार केला असावा.

दार उघडले. कुमुदिनी मूठ आवळून बाहेर आली.

“पाहिलंस, अक्का?” ती संतापाने म्हणाली. “याही वेळी! मी हिचं काय घोडं मारलंय, सांग तूच!”

आणि तिने मूठ उघडली. तळव्यावर तांबडी कण्हेर होती, पदरात दाबून आणल्यासारखी चुरगळलेली.