साबणानं धुवायचं पिस्तूल

चौदा वर्षांच्या लेकीसाठी, सियासाठी, नेमबाजीचं पिस्तूल निवडायला आसावरी तिला घेऊन अमेरिकेतल्या ॲन आर्बरच्या नेमबाजी क्लबात गेली खरी, पण तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. कोचनी दोन पिस्तुलं दाखवली. एक आजकालचं आणि दुसरं नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायचं, जुन्या पद्धतीचं.

“हे जुनं मात्र वापरलं की त्याच दिवशी गरम पाण्यानं आणि साबणानं धुवावं लागतं, नाहीतर गंजतं,” कोच म्हणाले.

आसावरीचा चेहरा उजळला. आजवर स्वतःचं ताटही न विसळलेल्या पोरीला आता वळण लागणार! “हेच द्या. आणि सिया, धुवायचं तूच.”

“ओके आई, प्रॉमिस!”

 

 

रविवारी नेमबाजीहून परतल्यावर सिया पिस्तूल घेऊन सिंकपाशी उभी राहिली. मिनिटभरातच आसावरीनं बाह्या सरसावल्या.

“दे इकडे! धड घासताही येत नाही तुला.”