फोटोसाठी राखलेली मेथी

फुलवंतीच्या न्हाणीमागचा मेथीचा वाफा पाहून अंगणवाडीच्या ताई हरखल्या. बियाणं त्यांनीच दिलेलं. त्यांनी लगेच फोटो काढला.

मग तिच्या लेकीला वजनकाट्यात बसवलं. काटा मागच्या महिन्याच्याच आकड्यावर थांबला.

“हिला मेथी देत नाहीस का गं?”

“तोडलीच नाही, ताई. तुम्हीच म्हणाला होतात ना, फोटो काढायला येईन, वाफा नीट ठेव. पोर हात लावायला गेली, की मी रागवायचे.”

ताई पदर खोचून वाफ्यात उतरल्या आणि मेथी उपटू लागल्या. “चूल पेटव. आज मायलेकी पोटभर खा.”

निघताना त्यांनी पहिला फोटो पुसून टाकला आणि नवा काढला. त्यात वाफा उघडाबोडका होता, आणि मधोमध बसलेल्या लेकीच्या ओठांना भाजीचं हिरवं पान चिकटलं होतं.