तक्रारपेटीवरचा कॅमेरा

"पाहिलंत? गेलं," सेक्रेटरी म्हणाले.

फायलींची विंडो उघडली होती, तारखांची यादी दिसली होती, आणि माउस मागच्या मंगळवारपर्यंत पोचायच्या आत सगळं गडप झालं होतं. उरला होता फक्त वॉलपेपर: इमारतीचं प्रवेशद्वार आणि त्यापुढे कमरेवर हात ठेवून उभे असलेले सेक्रेटरी.

"कधीपासून होतंय असं?" कॉम्प्युटरवाल्याने विचारलं.

"सोमवारपासून. मी लॉबीतल्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग तपासणार म्हणून जाहीर केलं, त्याच दिवसापासून."

हे वाक्य त्यांनी कोपऱ्यातल्या स्टुलाकडे बघत म्हटलं. स्टुलावर वॉचमन मांडीवर पेपर पसरून बसला होता. तीन दिवस त्याला तिथेच बसवलं होतं, डोळ्यांसमोर. गेटची बेल वाजली की उठायचं, गेट उघडायचं, परत येऊन बसायचं.

भानगड तक्रारपेटीची होती. पेटी सेक्रेटरींनीच हौसेने लॉबीत लावली होती, वर स्वतःच्या नावाची पितळी पाटी. पेटीत दर आठवड्याला एक टाइप केलेली चिठ्ठी पडायची, खाली 'एक हितचिंतक'. शुद्धलेखनाची एक चूक नाही.

"सेक्रेटरी जिन्यात शीळ घालतात. सूर लागत नाही."

"भाषणाला एकच कोट घालतात. त्याचं तिसरं बटण दोन वर्षांपूर्वी तुटलंय."

"लोकांचे नळ तपासत फिरतात. घरचा गळतोय त्याचं काय?"

"माझा नळ गळतो हे कोणाला ठाऊक असणार?" सेक्रेटरींनी आवाज खाली आणला, पण वॉचमनला ऐकू जाईल इतकाच. "टाकीचं पाणी सोडतो त्याला. टाइप घेतलं असेल कोणाकडून तरी करून. रविवारी सभा आहे, सेक्रेटरीची निवडणूक आहे. मोठा पडदा मागवलाय. चोर सगळ्यांना दाखवणार, आणि एक तारखेपासून त्याची नोकरी बंद."

वॉचमनने पान उलटलं नाही.

कॉम्प्युटरवाल्याने व्हायरस शोधला. नव्हता. मशीन बंद करून चालू केलं. एखादा बिघडलेला व्हिडिओ विंडोला खाली ओढत असेल म्हणून फायलींची छोटी चित्रं दिसणं बंद केलं. मग गाण्यांचं फोल्डर उघडून ठेवलं. पंधरा मिनिटं ते निवांत उघडं राहिलं. रेकॉर्डिंगचं उघडलं. गडप.

"याला गाणी चालतात, रेकॉर्डिंग चालत नाही," तो म्हणाला.

सेक्रेटरी त्याच्याकडेही जरा निरखून बघायला लागले. "वर यायच्या आधी गेटवर तुमचं काही बोलणं झालं का याच्याशी?"

"माझं नाव विचारलं. वहीत लिहिलं."

"बाकी काही?"

"पेन माझं होतं. ते परत मागितलं."

तेवढ्यात सेक्रेटरींची बायको मोरपंखी शाल सावरत चहा घेऊन आली. एक कप कॉम्प्युटरवाल्याला, एक नवऱ्याला, एक वॉचमनला.

"त्याला कशाला?" सेक्रेटरी म्हणाले.

"तोही बसलाय ना सकाळपासून." ती स्क्रीनपाशी वाकली. "मी बघू का?"

"तू राहू दे. हे काही टायपिंग नाही." मग कॉम्प्युटरवाल्याला म्हणाले, "शाळेत कॉम्प्युटर शिकवायची. पंचवीस वर्षं. पण घरच्या माणसाला काय विचारायचं?"

"खरंय," ती म्हणाली. "घरात असतंच कोण विचारायला? त्या गरिबाला काढण्यापेक्षा तुम्हीच सोडा की ते पद."

"मी सोडलं तर इमारत कोण बघणार?"

ती रिकामा ट्रे घेऊन गेली.

गेटची बेल वाजली. वॉचमनने मांडीवरचा पेपर दोन्ही हातांनी, भरलेलं ताट उचलावं तसा उचलला, स्टुलावर ठेवला आणि तो खाली गेला.

कॉम्प्युटरवाल्याने सवयीने फोल्डर उघडलं. उघडं राहिलं. एक मिनिट, दोन मिनिटं, तीन. वॉचमन परत आला, पेपर मांडीवर घेऊन बसला. विंडो गडप.

कॉम्प्युटरवाला उठला, स्टुलापाशी गेला आणि पेपर बाजूला केला. पेपर सोमवारचा होता. त्याच्याखाली बिनतारी कीबोर्ड होता.

"हा तर आपलाच जुना," सेक्रेटरी म्हणाले. "मी भंगारात दिला होता."

"याचं बटणाएवढं यंत्र तुमच्या मशीनच्या मागे अजून लावलेलं आहे. दोन कळा एकदम दाबल्या की समोर उघडं असेल ते बंद."

सेक्रेटरींनी कोटाची उरलेली बटणं लावली. "एक तारखेपासून तू येऊ नकोस."

"साहेब, जायला तयार आहे," वॉचमन म्हणाला. "पण ते बघू नका."

"आता तर बघणारच."

स्क्रीनवर मागचा मंगळवार, सकाळचे अकरा. लॉबी रिकामी. लिफ्टचं दार उघडलं, कोणीतरी पेटीपाशी आलं, घडी घातलेली चिठ्ठी आत सरकवली. मग शालीच्या टोकाने पितळी पाटी स्वच्छ पुसली आणि शांतपणे परत लिफ्टमध्ये गेलं.

"एकदम स्पष्ट आलंय," कॉम्प्युटरवाला मान खाली घालून वायरी गुंडाळत म्हणाला. "शालीचा रंगसुद्धा कळतोय. पडद्यावर आणखी छान दिसेल."

सेक्रेटरींनी गार झालेला चहा एका घोटात संपवला. "झालं तुमचं काम. या आता."

तो गेल्यावर त्यांनी दार लावलं, कडी घातली. कीबोर्ड उचलून वॉचमनच्या मांडीवर ठेवला आणि त्यावर स्वतःच्या हाताने पेपर पसरला.

"साहेब, एक तारखेचं काय?"

"कुठली एक तारीख? रविवारी तू पहिल्या रांगेत बस. मी फोल्डर उघडलं रे उघडलं की—"

"ठाऊक आहे, साहेब. कुठल्या दोन कळा दाबायच्या, ते वहिनींनीच शिकवलंय."