अंतरपाटाचा फोटो

शैलाच्या मृत्यूची नोंद झाली त्याच दुपारी तिचा चेहरा घरातल्या सगळ्या फोटोंतून गेला. लग्नाच्या फोटोत मुंडावळ्या होत्या, नथ होती, मध्ये काहीच नव्हतं.

कायदाच तसा होता. ज्याने जिवंतपणी कॅमेऱ्यासमोर “माझा चेहरा राहू द्या” असं म्हटलं नाही, त्याचा चेहरा पुसला जाई. शैलाचा नवरा दिगंबर मुंबईत लग्नांचे फोटो काढी आणि प्रत्येक लग्नात वऱ्हाडातल्या एकेकाकडून ते म्हणवून घेई. शैला शेजारी लाइट धरून उभी असे.

“आता तूही म्हणून टाक,” तो म्हणे.

“अहो, आधी नवरीच्या मामांना पकडा, ते जेवायला पळाले. मी कुठे जातेय?”

आता त्यांची मुलगी केतकी आईबाबांच्या लग्नाचे फोटो पुढे सरकवत होती. एका फोटोपाशी ती थांबली.

“बाबा, यात आई आहे.”

अंतरपाट धरलेला होता. कापडाच्या खाली शैलाची पावलं दिसत होती. चेहरा कापडामागे होता, म्हणून या फोटोतून काहीच गेलं नव्हतं.

पुढचा फोटो अंतरपाट दूर झाल्यानंतरचा आहे. तो दिगंबरने अजून उघडलेला नाही.